दिगंबरचे दर

गुरुनाथला हॉलंडहून नोकरीचं ऑफर लेटर आलं तेव्हा त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक्सेल उघडलं. मला सांगणं दुसरं.

याचं मला विशेष वाईट वाटलं नाही. राइस कुकर घेताना त्याने दुकानातल्या सगळ्या कुकरांची तुलना केली होती आणि त्यात वायरच्या लांबीलाही मार्क होते. अमेरिकेतल्या सनीव्हेल गावातलं हे अपार्टमेंटही असंच ठरलं. कॅलट्रेनचं स्टेशन किती लांब, इंडियन ग्रोसरी किती लांब, वॉशिंग मशीन घरात की तळमजल्यावर. खिडकीतून काय दिसतं याला मार्क नव्हते, कारण ते मोजता येत नाही. खिडकीतून कचऱ्याचा मोठा हिरवा डबा दिसतो. लग्न ठरवताना माझंही असंच काहीतरी झालं असणार. मी कधी विचारलेलं नाही. पास झाले एवढं खरं.

तर मी शुभा. माहेर नागपूर, सासर नागपूर, आणि शिक्षणाने कॉस्ट अकाउंटंट. एखादी वस्तू बनवायला खरा खर्च किती येतो हे शोधून काढणं हे माझं काम. काम होतं, असं म्हणायला हवं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात ट्रॅक्टरचे गिअर बनायचे आणि एक गिअर कंपनीला कितीला पडतो हे मी सांगायचे. मग लग्न झालं आणि २००१ साली मी इथे आले, नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. या व्हिसावर गाडी चालवता येते, बँकेच्या खात्यावर नाव लावता येतं, मूल होऊ देता येतं. पगार घेता येत नाही. ग्रीन कार्ड आलं की येईल, असं वकील सांगतो. तो हे दर वर्षी सांगतो आणि त्याचे पैसे घेतो, म्हणजे त्याला तरी काम करता येतं.

आता २००६चा सप्टेंबर होता. आमची मुलगी केया नुकतीच किंडरगार्टनमध्ये जायला लागली होती. तिला सोडून परत आले की घर रिकामं असायचं आणि मी त्या घराच्या मधोमध उभी राहायचे. रडू वगैरे यायचं नाही. राग यायचा. तो काढायला समोर कोणी नसायचं, म्हणून मी पोळ्या करायचे. पोळ्या चांगल्या व्हायच्या.

ऑफर आइंडहोवन नावाच्या गावातल्या एका चिप डिझाइनच्या कंपनीची होती. पत्रात पगार, सुट्ट्या, सामान हलवायचा खर्च असं सगळं होतं, आणि शेवटच्या पानावर खाली एक वाक्य होतं, की जोडीदाराला तिथे पहिल्या दिवसापासून काम करण्याची परवानगी असते. ते मी दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत कुठल्याही कागदावर माझ्याबद्दल इतकं चांगलं वाक्य मी वाचलं नव्हतं.

"गुरू, तिथे मला काम करता येतं."

"हो, वाचलं ना मी. टाकलंय शीटमध्ये."

"कुठे?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. डावीकडे अमेरिकेचा रकाना, त्याच्या शेजारी युरोपचा, मग दोघांचे रुपयांत होणारे आकडे, खाली दोन्हींतला फरक डॉलरमध्ये, आणि सगळ्यात उजवीकडे 'रिमार्क्स'. त्यात लिहिलं होतं: थंडी. डच भाषा. शुभा जॉब (मेबी).

"याची बेरीज कुठे होते?"

"रिमार्क्सची बेरीज नसते गं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुला तर माहीतच आहे."

मला माहीत होतं.

अमेरिकेचा रकाना भरायला वेळ लागला नाही. क्रेडिट कार्डाची बिलं होती, त्यातून त्याने आकडे उचलले. युरोपचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दिगंबर होतं. दिगंबर हा गुरुनाथचा कॉलेजचा रूममेट. चार वर्षांपासून आइंडहोवनला राहतो. स्वभावाने सज्जन, लग्न झालेलं नाही, आणि अंडं उकडता येत नाही.

शनिवारी सकाळी आमच्याकडे नऊ वाजायचे तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळ असायची. फोन स्पीकरवर. मी नाश्त्याचे पोहे करत होते.

"दिग्या, मंथली फूड किती धरू?"

"अरे, मी तर बाहेरच खातो यार. एक सुरीनामी मावशी आहे, तिच्याकडून रोटी आणतो. संध्याकाळी काही ना काही पार्सल. सहाशे युरो धर एकाचे."

"एकाचे सहाशे!" गुरुनाथने त्याला तीनने गुणलं. त्याचे रुपये केले. रुपये बघून चहाचा कप खाली ठेवला. दोन्हीकडचं शेवटी रुपयांत आणायची त्याची सवयच होती. डॉलर अमेरिकेच्या बाजूने बोलतो आणि युरो युरोपच्या, रुपया कोणाच्याच बाजूने बोलत नाही, असं तो म्हणायचा. "आणि कपडे?"

"धुणं मशीनमध्ये. इस्त्री बाहेर. शर्टाला अडीच युरो."

"एका शर्टाला? दीडशे रुपये?"

"मग काय! लेबर महाग आहे इकडे."

गुरुनाथने अमेरिकेच्या रकान्यात फूड म्हणून आमचं ग्रोसरीचं बिल टाकलं आणि इस्त्रीच्या पुढे शून्य टाकलं. मी त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. पोहेही त्या शून्यातच आले असावेत.

त्याच संध्याकाळी नरेंद्र आणि सुलेखाकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचं जेवण. नरेंद्र गुरुनाथच्या ऑफिसात आहे. त्याने त्या वर्षी ट्रेसी नावाच्या गावात मोठं घर घेतलं होतं, डाउन पेमेंट न देता, आणि आल्या-गेल्याला तो हे सांगायचा. आमच्यात कुणाचीही नोकरी, घर, गर्भधारणा किंवा गाडी असा काही निर्णय असला की तो पॉटलकमध्ये मांडायची पद्धत आहे. पुरुष सोफ्यावर बसतात, लॅपटॉप टीव्हीला जोडतात आणि चर्चा होते. बायका स्वयंपाकघरात छोले गरम करतात आणि तिथून ऐकतात.

टीव्हीवर आमचं घर उघडं पडलं होतं. आमचं भाडं, आमचं दूध, माझा हेल्थ इन्शुरन्स. 'शुभा' अशी एक वेगळी ओळसुद्धा होती. इन्शुरन्स, फोन, दोन वर्षांतून एकदा नागपूरचं तिकीट. माझा खर्च त्याने अगदी बरोबर काढला होता. एवढंच बघितलं तर मी कोणीतरी आजारी नातेवाईक वाटले असते.

"सव्वीसशे डॉलरचा डिफरन्स आहे दर महिन्याला," नरेंद्र म्हणाला. "अमेरिका क्लिअर विनर. विषय संपला. आणि तिकडे घरांच्या किमती तरी वाढतात का यार? माझं घर मी झोपेत असतानासुद्धा कमावतं."

"ते आहे," गुरुनाथ म्हणाला.

स्वयंपाकघरात सुलेखा माझ्या शेजारी उभी होती. सुलेखा मुंबईची, पॅथॉलॉजिस्ट, माझ्यासारख्याच व्हिसावर. तिने छोल्यांखालचा गॅस बारीक केला.

"खरंच काम करता येतं का गं तिकडे?" तिने हळूच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

ती छोले ढवळत राहिली. मग म्हणाली, "आम्हाला तर आता घर घेतल्यामुळे हलताच येणार नाही." तिने चमचा झटकला आणि पुरुषांना पापड नेऊन दिले.

पुढच्या शनिवारी केस कापायचे होते. गुरुनाथचे केस मी कापते. पहिल्या वर्षी इथला न्हावी बघून त्याने रुपये केले होते, तेव्हापासून. बाथरूममध्ये स्टूल, गळ्याभोवती जुना टॉवेल, खाली वर्तमानपत्र. मी आता बऱ्यापैकी कापते. ऑफिसात त्याला कुणीतरी विचारलंही होतं, कुठे जातोस म्हणून.

त्या दिवशी त्याने फोनही आत घेतला. फ्लशच्या टाकीवर ठेवला. लॅपटॉप मांडीवर, टॉवेलच्या खाली.

"दिग्या, मिसलेनियस राहिलंय. हेअरकट किती?"

"बावीस युरो."

"बावीस!" त्याने मान एवढी जोरात हलवली की कात्री कानाला लागता लागता राहिली. "बाप रे. बाराशे-तेराशे रुपये केस कापायला!"

"तिकडे किती आहे?"

"इकडे?" गुरुनाथ म्हणाला. "इकडे काही नाही. झीरो."

कात्री माझ्या हातात होती. त्याची डावी बाजू पूर्ण झाली होती. उजवी व्हायची होती. त्याने टॉवेलच्या आतून हात काढून शून्य टाइप केलं, तो आवाज मला ऐकू आला. मी कात्री धुतली, पुसली आणि कपाटात ठेवली.

"झालं?" त्याने विचारलं.

"माझं झालं. उरलेले बाहेरून काप."

"म्हणजे?"

"इकडे काही पडत नाही ना? मग काय अडचण आहे."

दिगंबरने फोन ठेवला. सज्जन माणूस आहे.

गुरुनाथ आरशात बघून आला. एका बाजूने तो व्यवस्थित सॉफ्टवेअर इंजिनिअर दिसत होता आणि दुसऱ्या बाजूने बेकार. केयाने त्याला चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"डॅडी, यू लुक लाइक टू पीपल," ती म्हणाली.

तो रागावला नाही. त्याला रागवता येत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. डोक्यावर टोपी घालून तो एल कमिनो रस्त्यावरच्या न्हाव्याकडे गेला, चौदा डॉलर आणि वर तीन टिप देऊन आला, आणि आल्या आल्या त्याने अमेरिकेच्या रकान्यात हेअरकटच्या पुढचं शून्य खोडून सतरा लिहिलं. हे मी त्याच्या बाजूने सांगायला हवं. आकडा खोटा ठेवणं त्याला सहन होत नाही.

"तू चिडलीस का ते सांगशील?" त्याने विचारलं.

"तू तिकडे दिगंबरचे दर लावतोस आणि इकडे माझे."

"पण तुझे दर कुठे आहेत?"

"तेच म्हणते मी."

"अगं, पण तू असतेसच की घरी."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. बुटीबोरीला आमचे कारखान्याचे साहेब एकदा म्हणाले होते, की आपला गिअर बाहेरच्यापेक्षा फार स्वस्त पडतो. मी बघितलं तर गिअर कापायच्या पात्यांना धार लावणाऱ्या टूलरूमचा खर्च कुठेच धरला नव्हता. विचारलं तर म्हणाले, मॅडम, ते लोक आपलेच आहेत, ते असतातच की. मी त्यांना नियम दाखवला. घरच्या विभागाने केलेलं काम शून्याने धरायचं नसतं. जो दर बाहेर पडेल, तोच घरातही धरायचा. साहेबांनी तो धरला आणि गिअरची किंमत वाढली, आणि टूलरूमच्या माणसांना पहिल्यांदा स्वतःचा पंखा मिळाला. मी गुरुनाथला हे सगळं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं होत आली तरी ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती, हे सांगताना लक्षात आलं. त्याने कधी विचारलं नव्हतं हेही लक्षात आलं.

तो विचार करत होता. "लॉजिकली बरोबर आहे," शेवटी म्हणाला.

मग आम्ही बसलो. पोळीभाजीला सनीव्हेलच्या डबेवाल्या काकूंचा दर. इस्त्रीला कोपऱ्यावरच्या लाँड्रीचा. केयाला शाळेनंतर सांभाळायला अपार्टमेंटच्या खालच्या डे-केअरचा. दिगंबरला मूल नसल्यामुळे ती ओळ युरोपात नव्हतीच, ती मी घातली, दोन्हीकडे. मी केलं नाही तर गुरुनाथला हेच बाहेरून काय पडेल, ते अमेरिकेच्या रकान्यात एकाखाली एक उतरत गेलं. एकदा तो म्हणाला, "एवढं?" मी म्हटलं, "भांडी अजून धरलेली नाहीत."

तरी अमेरिका सोळाशे डॉलरने पुढे होती. त्याचा पगारच इथे जास्त होता.

"आता तिकडे माझा पगार धर," मी म्हटलं.

"किती?"

मला माहीत नव्हतं. मी किती मिळवू शकते हे मला कोणी सांगू शकेल, असं एकही माणूस माझ्या ओळखीत नव्हतं.

"मग सध्या झीरो धरू," गुरुनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात खवचटपणा अजिबात नव्हता. "कॉन्झर्व्हेटिव्ह राहिलेलं बरं."

त्याने शून्य टाकलं. मी उठून केयाचे मोजे शोधायला गेले. मोजे तिच्या पायातच होते.

उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत वेळ होता. मंगळवारी सकाळी हॉलंडहून फोन आला. कंपनीत नव्या लोकांची घरंदारं बघणारी मारायके नावाची एक बाई होती, तिला गुरुनाथशी बोलायचं होतं. तो अंघोळीला गेला होता. तिने शाळेबद्दल सांगितलं, सायकलींबद्दल सांगितलं, मग म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही काय काम करता?"

मला वाटलं, ती दुसऱ्या कोणाला तरी विचारते आहे. मी मागे वळूनही बघितलं. मग म्हटलं, "मी गिअरची किंमत काढते." काढायचे, असं म्हणायला विसरले.

"अरे वा," ती म्हणाली. जवळच्याच गावात तिचा भाऊ गिअर आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि त्यांना असं माणूस मिळत नव्हतं. तिने माझा ईमेल घेतला. मी स्पेलिंग दोनदा सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता त्या कारखान्याच्या लोकांनी मला फोन केला. मी बेडरूममध्ये बसून बोलत होते. दार उघडं होतं. बाहेर केयाला तयार करायचं होतं, डबा व्हायचा होता, गुरुनाथला ऑफिसात मीटिंग होती. मी दाराकडे पाठ केली. त्यांनी आधी इंग्रजी तपासलं, मग सहा वर्षं कुठे होतात ते विचारलं. मी व्हिसा म्हटलं. ते "अच्छा" म्हणाले आणि पुढे गेले. मग त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने विचारलं, की आमच्या गिअरबद्दल तुम्हाला पहिली कोणती गोष्ट माहीत करून घ्यायला आवडेल?

"तुमच्या पात्यांना धार कोण लावतं," मी म्हटलं, "आणि त्याचे पैसे कोणाच्या खात्यात टाकता?"

तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, या प्रश्नावरून आमच्याकडे दोन वर्षांपासून भांडण चालू आहे. मग मीही हसले. मग आम्ही त्या भांडणावर बोलत बसलो. कोणती पाती, किती दिवसांनी धार जाते, रात्रपाळी काय म्हणते. शब्द मला आठवत नव्हते असं वाटत होतं, पण ते सगळे जागच्या जागी होते. मी इतकी खूश होते की मला भीती वाटली.

फोन ठेवून बाहेर आले तर केयाच्या डब्यात ब्रेड-जॅम भरलेला होता आणि गुरुनाथ इस्त्रीच्या टेबलाशी उभा होता. त्याने स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. बाहीवर एका घडीच्या ऐवजी दोन घड्या पडल्या होत्या. इस्त्री हातात तशीच धरून तो माझ्याकडे बघत होता.

"तू हसत होतीस," तो म्हणाला.

"कामाचं बोलत होते."

"हो. ऐकू आलं." त्याने इस्त्री बंद केली. तसाच दोन घड्यांचा शर्ट घालून मीटिंगला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ईमेल आला. आठवड्यातून चार दिवस, तिकडे बरेच जण तसंच करतात म्हणे. कर वजा जाता हातात तेराशे युरो. सुरुवातीला तीन महिने बघू, मग कायम. मी ते तेराशे आधी डॉलरमध्ये केले. मग रुपयांत केले, आणि गुरुनाथवर इतकी वर्षं उगाच हसले असं वाटलं. रुपयांत ते फार सुंदर दिसत होते.

गुरुनाथ केयाला पोहायला घेऊन गेला होता. मी त्याचा लॅपटॉप उघडला आणि झीरोच्या जागी माझा पगार लिहिला. सोळाशे एक्कावन्न डॉलर. खालचा आकडा फिरला. युरोप पुढे, एक्कावन्न डॉलरने.

मी खुर्चीत मागे टेकले. आणि मग मला ट्रेनचा पास आठवला. माझा कारखाना शेजारच्या गावात. रोज ट्रेनने जायचं. महिन्याचे सत्तर युरो, म्हणजे एकोणनव्वद डॉलर. हे गुरुनाथच्या कधीच लक्षात आलं नसतं. दिगंबर सायकलने जातो, त्याच्या दरांत ट्रेन नाही. मी काही लिहिलं नाही तर विषय तिथेच संपत होता. मी उठले, भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. बुटीबोरीला एका टेंडरच्या वेळी साहेबांनी मला एक आकडा थोडासा, अगदी थोडासा कमी दाखवा म्हणून सांगितलं होतं. मी नाही म्हटलं होतं आणि ते टेंडर गेलं होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. पण एका मेलमधून काम परत मिळालं आणि पहिल्याच दिवशी खोटा कागद करायचा, हे मला जमेना. मी परत येऊन बसले आणि पास लिहिला.

अमेरिका पुढे. अडतीस डॉलरने.

गुरुनाथ आला. केया ओल्या केसांनी टीव्हीसमोर बसली. मी त्याला ईमेल दाखवला. त्याने तो सावकाश वाचला. "तेराशे युरो," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात त्याने काढला नाही. मग मी शीट दाखवलं. ओळीमागून ओळ. काहीही लपवलं नाही, ट्रेनचा पासही.

"म्हणजे अडतीस," तो म्हणाला.

"अडतीस."

"अमेरिका."

"हो."

माझी सहा वर्षं, माझी डिग्री, त्या म्हाताऱ्याचं हसणं, सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला महिन्याचे अडतीस डॉलर. त्याने राइस कुकर याहून कमी फरकावर ठरवला होता. मी त्याला 'मला जायचं आहे' असं सांगू शकत होते. सांगितलंच. "गुरू, मला जायचं आहे," मी म्हटलं.

तो स्क्रीनकडे बघत होता. ऑफिसात कोड अडला की बसतो तसा, हनुवटीला हात लावून. बोट वरून खाली आणत आणत तो युरोपच्या रकान्यात एके ठिकाणी थांबला.

"ही इस्त्री किती धरलीस?"

"दिगंबरचा दर. शर्टाला अडीच युरो. महिन्याचे त्रेसष्ट डॉलर."

"फक्त माझे शर्ट?"

"माझे मी घरीच करीन."

टीव्हीवर कोणतं तरी कार्टून पडून उठत होतं.

"माझेपण मीच करीन," तो म्हणाला.

त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि युरोपच्या रकान्यात, इस्त्रीच्या पुढे, शून्य टाकलं. खालचा आकडा फिरला. युरोप पुढे, पंचवीस डॉलरने.

नियमाप्रमाणे हे साफ चूक होतं. घरच्या माणसाने केलेलं काम शून्याने धरायचं नसतं, जो दर बाहेर पडेल तोच धरायचा. बुटीबोरीत असा कागद कोणी माझ्यापुढे ठेवला असता, तर मी तो उभ्या उभ्या परत केला असता. मी त्या शून्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या पाठीवर कालचा शर्ट पडला होता, त्याच्या दोन घड्यांच्या बाहीकडे बघितलं.

"सेव्ह कर," मी म्हटलं.